टेंभमाळची रामकाठी आणि बनसोडे मॅडम

चि. तारा आणि चि. मिहिर,

मागच्या रविवारी मिहिरने फोनवर मला आपलं शेत आकाशातून दाखवलं. इस्लामपूरच्या अलीकडचे उसाचे हिरवे चौकोन, त्यांच्या मधले पांढरट डाग, आणि अशाच एका पांढऱ्या डागात गडद हिरव्या रंगाचा एक तुकडा. "आजी, बाबा म्हणतो तिथे काहीच उगवत नाही. मग हे काय आहे?" असं त्याने विचारलं. मी "लिहून पाठवते" म्हणाले आणि तुम्ही दोघं हसलात. पण फोनवर सांगण्यासारखी ही गोष्ट नाही. तुमच्याकडे तेव्हा शाळेची वेळ असते आणि माझ्याकडे झोपेची.

तो हिरवा तुकडा बनसोडे मॅडमनी लावलेला. त्या गेल्या हिवाळ्यात वारल्या. तुमचा बाबा ती जमीन विकायची का, असं अधूनमधून विचारतो, आणि पुढेमागे तो प्रश्न तुमच्याकडेही येईल. तेव्हा तिथे काय आहे आणि कुणामुळे आहे, हे तुम्हाला माहीत असावं म्हणून आत्ताच लिहिते.

आधी जमिनीविषयी. तुमच्या पणजोबांच्या वेळी ती काळी, कसदार होती. मग ऊस आला, उसाला पाणी आलं, आणि सगळ्यांनी ते गरजेपेक्षा जास्त पाजलं. जमिनीतला क्षार वर आला. अशा जमिनीला इकडे चोपण म्हणतात. उन्हाळ्यात तिच्यावर मिठासारखा थर दिसतो, पावसाळ्यात पाणी मुरत नाही. आजोबांनी तिथे भात करून पाहिला, गवत लावून पाहिलं, शेवटी नाद सोडला.

मी तेव्हा सांगलीच्या कॉलेजात इंग्रजी शिकवून निवृत्त झाले होते. वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या एका मैत्रिणीने मॅडमना आमच्याकडे पाठवलं. दारात एक उंच, सडपातळ बाई उभ्या होत्या. सुती साडी, खाली कॅनव्हासचे बूट, खांद्याला पिशवी आणि पिशवीतून डोकावणारी भलीमोठी गलोल. मी पाणी आणायला वळले तर म्हणाल्या, "पाणी नंतर." आणि जेवणाच्या टेबलाची खुर्ची उचलून त्यांनी उलटी केली. खालून पॉलिश न केलेल्या लाकडावर अंगठा फिरवला.

"सागाची म्हणून घेतलीत ना?"

"अस्सल सागाची," आजोबा म्हणाले. ती खुर्ची त्यांनी स्वतः पसंत केली होती.

"बाभूळ आहे. जुनी, पक्की बाभूळ. सागाहून टणक. उगीच बिचारीचं नाव बदललंय."

आजोबांना राग आला. दोन दिवस ते दुसऱ्याच खुर्चीवर बसत होते. तिसऱ्या दिवशी पाहुणे आले, तेव्हा तीच खुर्ची पुढे करून म्हणाले, "बसा. ही बाभळीची आहे बरं का, सागाबिगाची नव्हे."

मॅडम आल्या होत्या बाभळी लावायला जमीन शोधत. "तुमची वाया गेलेली जमीन बघायचीय. चांगली असेल तर मला नको," असं त्यांनी सांगितलं. आम्ही त्यांना चोपण दाखवलं. त्या पांढऱ्या थरावर उकिडव्या बसल्या, चिमूटभर माती जिभेला लावली आणि खूश होऊन म्हणाल्या, "छान खराब आहे."

त्या मूळच्या खटाव तालुक्यातल्या. वडील फौजेत होते. त्यांच्या आजोबांच्या पिढीने बौद्ध धर्म घेतला, पुढच्या पिढीने पोरीला वनशास्त्र शिकवलं. सरकारी संशोधन विभागात त्यांनी सारी नोकरी सागावर काढली. म्हणजे काय, तर रानोमाळ हिंडून उत्तम सागाची झाडं निवडायची, त्यांच्या शेंड्याच्या काड्या आणून कलमं करायची, आणि अशा निवडक झाडांची बाग लावायची, पुढचं बी त्या बागेतून घ्यायचं. निवृत्त झाल्यावर त्या बाभळीकडे वळल्या. का, असं मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, "सागाला सरकार आहे. बाभळीला कोण आहे?"

त्यांना चालताना समोर बघायची सवय नव्हती. नजर कायम वर, झाडांच्या शेंड्यात. औंधला यमाईच्या डोंगराखाली आम्ही एकदा बरोबर होतो, तेव्हा त्या बोलता बोलता चरात पडल्या. मी घाबरून हात दिला, तर साडी झटकत म्हणाल्या, "फांदी मात्र चांगली होती हो." गलोल त्यांच्या कामाची होती. गोफणगुंड्याला बारीक दोरी बांधून त्या नेम धरत, दोरी नेमकी उंच फांदीवरून पलीकडे पडे, मग तिला जाड दोर जोडून फांदी खाली ओढायची. साठी ओलांडलेल्या बाईचा नेम बघायला गावोगाव माणसं जमत. चुकला तर त्या दुप्पट मोठ्याने हसत आणि म्हणत, "वारा होता." वारा नसला तरी.

माणसांनाही त्या झाडासारखंच मोजत. आजोबांना म्हणाल्या, "तुम्ही एकटे वाढलेले, घेर मोठा." मला म्हणाल्या, "तुम्ही दाट लावणीतल्या. सरळ वाढलात, पण फांद्या कमी." मी बोर्डिंगात वाढले हे त्यांना मी सांगितलंही नव्हतं.

आता रामकाठीविषयी. बाभळीचे प्रकार असतात. बांधावर पसरून वाढणारी तुम्ही पाहिली आहे. रामकाठी वेगळी. ती काठीसारखी सरळ वर जाते, फांद्या अंगाला चिकटून उभ्या. सावली कमी पडते म्हणून पिकाला त्रास नाही, आणि लाकूड लांब, सरळ मिळतं. औतं, बैलगाड्या, विहिरीचे रहाट याच लाकडाचे होत. सातारा-सांगलीच्या कोरड्या भागात पूर्वी ती पुष्कळ होती असं जुनी माणसं सांगत. मॅडमनी माण, आटपाडी, जत हिंडून काढलं. पसरट बाभळी हव्या तितक्या. खरी सरळ, थोराड रामकाठी त्यांना एकच सापडली. म्हसवडच्या पुढे टेंभमाळ म्हणून छोटं गाव आहे, तिथे सुभेदार तात्यांच्या बांधावर.

तात्या म्हणजे फौजेतून परतलेले शेतकरी. घरात ते आणि त्यांची विधवा थोरली बहीण हौसाआक्का, आणि आक्काच्या शेळ्या. मॅडमनी झाडाला मिठी मारून घेर घेतला, वर पाहिलं, आणि मला गाडीतून खाली बोलावलं. "बघा," एवढंच म्हणाल्या. मला झाडातलं काही कळत नाही. पण त्या माळावर सगळं वाकडंतिकडं, खुरटं, आणि मधेच ते एक झाड कुणीतरी दोरी लावून उभं केल्यासारखं.

"लय चांगलं हाय न्हवं?" तात्या म्हणाले. "औंदा द्येवाला द्यायचंय."

मॅडमचा चेहरा पडला, तो मी पाहिला.

टेंभमाळच्या देवाचा रथ दिवाळीनंतर निघतो. रथाच्या चाकांमधला आस झिजला की गाव शिवारातली सगळ्यात सरळ बाभूळ शोधतं. तिला हळदकुंकू लावतात, नारळ फोडतात, आणि तोडतात. ज्याच्या बांधावरची, त्या घराला त्या वर्षी रथाचा पहिला दोर धरायचा मान. तात्यांच्या घराला तो मान पहिल्यांदाच मिळत होता. झाड माघात तोडायचं ठरलं होतं, म्हणजे लाकूड वाळायला वेळ मिळतो. आणि बाभळीच्या शेंगा पिकतात वैशाखात. म्हणजे त्या झाडाचं बी हाती येण्याआधीच झाड जाणार होतं.

मॅडम म्हणाल्या, गावाशी बोलते. देवळाच्या पाराजवळ माणसं जमली. रथाचे मानकरी बापू, वयस्क आणि तापट, त्यांनी सुरुवातच केली.

"बाई, द्येवाचं काम हाय. तुमचं त्यात काय?"

"माझं काही नाही. झाडाचं आहे."

"तुमी तर द्येव मानत न्हाई म्हनं."

"नाही मानत. त्यामुळे देवाशी माझं भांडण नाही. तुमच्याशी आहे."

मागे कुणीतरी हसलं. बापू नाही हसले. मॅडम आपल्या खटावच्या बोलीवर आल्या. "बापू, आत्ताचा आस कुणाच्या बांधावरचा?"

"माझ्या आज्याच्या. काय झाड व्हतं! दोरीगत."

"आन त्याच्या आधीचा?"

"त्यो पाटलाच्या मळ्यातला."

"ती झाडं आता कुटं हायती?"

"रथात."

"आन त्येंची पिल्लं?"

बापूंनी पागोटं नीट केलं.

"दर येळी गावातलं सगळ्यात सरळ झाड तुमी तोडता. मागं ऱ्हातंय कोन? वाकडं. बी कुनाचं पडतंय? वाकड्याचं. आज साऱ्या शिवारात हे येकच सरळ उरलंय. आता हे बी तोडलं की फुडचा आस कुठनं आननार?"

"लोखंडाचा करू," तात्या म्हणाले.

"तात्या, गप बसा तुमी," बापू ओरडले. सगळा पार हसला.

मग मॅडमनी विचारलं, "जोंधळा काढताना सगळ्यात भरलेलं कणीस काय करता?"

उत्तर हौसाआक्काने दिलं. ती बायकांत मागे बसली होती. "बियाला ठिवतो. काय करनार?"

"द्येवाला न्हाई वाहत?"

"द्येवाला दुसरं. बियाचंच दिलं तर फुडल्या साली द्येवाला काय घालायचं, माती?"

"आक्के, झाड आन कणीस येक हाय व्हय?" बापू म्हणाले.

"झाडाला कणीस लागत न्हाई म्हून त्याला बी नसतंय व्हय रं?"

बापू उठून उभे राहिले. मग मॅडमकडे न बघता म्हणाले, "दुसऱ्या नंबराचं झाड दाखवा मग. पर आस वाकडा झाला आन रथ अडला, तर तुमाला बैलागत रथाला जुंपीन."

मॅडमनी दोन दिवस गावच्या सुताराला बरोबर घेऊन शिवार पालथं घातलं. आसाला पुरुषभराहून थोडी जास्त लांबी लागते, अख्खं झाड सरळ लागत नाही, हे आधी कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. वर वेडीवाकडी पण बुडाशी सरळ अशी एक बाभूळ सापडली. ती पण तात्यांच्याच चुलतभावाच्या बांधावर, त्यामुळे मान भावकीतच राहिला आणि तात्या फार रुसले नाहीत. थोडे रुसले. पुढे दिवाळीनंतर रथ नीट निघाला. मॅडम रथाला गेल्या नाहीत, पण आस कसा चालतो ते विचारायला त्यांनी सुताराला फोन केला होता.

त्याआधीच, वैशाखात, त्या टेंभमाळला निघाल्या तेव्हा मला आग्रहाने बरोबर घेतलं. एका झाडाच्या शेंगा वेगळ्या काढायच्या, दुसऱ्या कशात मिसळू द्यायच्या नाहीत, तर आई कोण ते नक्की राहतं. त्यासाठी त्यांनी नव्या पिशव्या शिवून आणल्या होत्या. तात्यांच्या अंगणात पोचलो तर हौसाआक्का दारातच उभी, हातात बियांनी भरलेलं टोपलं, चेहरा उजळलेला.

"आवं बाई, तुमचा तरास वाचिवला. समद्या शेंगा झोडपून काडल्या!"

"मग शेंगा कुठायत?"

"शेळ्यांस्नी घातल्या की! शेळी शेंग खाती, रातच्याला रवंथ करताना बी थुकती. तसलं बी लगीच उगवतंय. सकाळी गोठा झाडून ह्ये गोळा क्येलं."

मॅडमनी हळूच विचारलं, "फक्त त्याच झाडाच्या शेंगा घातल्या ना?"

"त्या बी. आन बांधावरच्या बी. नुसत्या त्येवढ्यानं शेळ्यांचं प्वाट भरतंय व्हय?"

मॅडम ओट्यावर बसल्या. मला वाटलं, त्या आता रडतील. त्या ज्या झाडासाठी गावाशी भांडल्या, त्याचं बी वीसेक वाकड्या बाभळींच्या बियांत मिसळलं होतं, आणि ते वेगळं करायची कुठलीही युक्ती जगात नाही. मग त्यांचे खांदे हलायला लागले. हसत होत्या. हसता हसता डोळ्यांतून पाणी आलं. आक्काला काय झालं ते कळेना. "बी कमी हाय का? आजून घालू का शेळ्यांस्नी?"

"नको आक्का. लय झालं."

मग उठून त्यांनी गलोल काढली. झोडपणाऱ्यांची काठी जिथवर पोचली नव्हती अशा शेंड्यात थोड्या शेंगा राहिल्या होत्या. दुपारभर नेम धरून त्यांनी त्या उतरवल्या. मूठभर बी निघालं. ती एक पिशवी. आक्काचं टोपलं दुसऱ्या पिशवीत ओतलं आणि तिच्यावर मॅडमनी चिठ्ठी लावली. मी वाकून वाचलं. लिहिलं होतं, "आई शेळ्यांना माहीत."

दोन्ही पिशव्यांतलं बी दोन जागी लावलं. अर्धं टेंभमाळच्या माळावर, अर्धं आपल्या चोपणात. माझा प्रश्न साधा होता. त्या सरळ झाडाचं चांगलं बी वेगळं असताना शेळ्यांचं कशाला लावायचं? मॅडम म्हणाल्या, "टाकवत नाही."

पुढची वर्षं तुम्हाला आठवत असतील, तुम्ही दर वेळी फोनवर "आजी, पूर आला का" असं विचारायचात. माणदेशात एका साली ऑगस्ट संपला तरी पाऊस नव्हता. पुढच्या साली दिवाळी झाल्यावर इतका कोसळला की आपल्या चोपणात गुडघाभर पाणी कितीतरी दिवस उभं राहिलं. मॅडम बांधावर छत्री धरून उभ्या होत्या. "हे असंच होणार आता," म्हणाल्या. "कधी अजिबात नाही, कधी सगळं एकदम. मी सागाची निवड केली तेव्हा पाऊस जसा पडायचा तसाच पडेल असं धरून चालले होते."

पाणी ओसरल्यावर मोजदाद केली. शेंड्याच्या शेंगांतून आलेली रोपं सुरेख सरळ होती, आणि आपल्या चोपणात त्यांतली बहुतेक मेली होती. शेळ्यांच्या टोपल्यातली मात्र बरीच जगली. बांधावरच्या कुठल्या तरी वाकड्या, कुणी न निवडलेल्या बाभळीत खार आणि उभं पाणी सोसायची ताकद असावी. आणि जगलेल्यांत काही सरळही होती. म्हणजे रामकाठीची लेकरं त्यांतही होती, किंवा दोन्हीकडचे गुण एकत्र आलेली. मॅडम प्रत्येक सरळ रोपापाशी थांबून त्याला नीट बघत होत्या, लग्नाच्या मांडवात कोण कुणासारखं दिसतं ते बघतात तसं.

त्याच संध्याकाळी त्यांनी टेंभमाळला फोन लावला. "आक्का, तुमच्या शेळ्या हुशार निघाल्या."

"त्ये मला ठाव हाय," आक्का म्हणाली. "तुमी कवा येताय?"

म्हातारी रामकाठी त्याच अवकाळी पावसात पडली. माळावरची माती भिजून सैल झाली, वारा सुटला, आणि ती मुळासकट आडवी झाली. तात्यांचा फोन आला तेव्हा मॅडम माझ्याकडेच होत्या. ऐकून त्या पुढच्याच गाडीने गेल्या. खोड विकायचं नाही असं गावाने ठरवलं होतं. बापूंनी ते देवळामागच्या पडवीत उंचावर रचून ठेवलं, पुढच्या आसासाठी. मॅडमना म्हणाले, "बाई, द्येवानं शेवटी घेतलंच की न्हाई?"

"घेतलं," मॅडम म्हणाल्या. "पण बी झाल्यावर."

बापूंनी तेव्हा पहिल्यांदा त्यांना घरी जेवायला नेलं.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते गेल्या वर्षी पावसाळा संपता संपता. वर्षभरापासूनचा आजार वाढला होता, आवाज बसला होता, पण चोपणात जायचंच म्हणाल्या. त्यांना बांधावरून चालवेना. गाडी जितकी आत जाईल तितकी नेली, दार उघडून त्या तिथेच सीटवर बसून राहिल्या. झाडांना पहिल्यांदाच फुलं आली होती, पिवळे बारीक गोंडे. अशा निवडीच्या बागेत दर थोड्या वर्षांनी कमी प्रतीची झाडं काढून टाकायची असतात, म्हणजे पुढचं बी चांगल्यांचंच पडतं. टेंभमाळच्या सुताराचा मुलगा कुऱ्हाड घेऊन आला होता. मॅडम हाताने खुणा करत होत्या. ही ठेवा. ही काढा. ती पण काढा.

एका झाडापाशी बोट थांबलं. बुडापासूनच वाकलेलं, दोन फाटे फुटलेलं, आजूबाजूची मेली तिथे एकटं उभं.

"ही काढायची ना?" मी विचारलं. इतकी वर्षं त्यांच्याबरोबर हिंडून मला तेवढं कळत होतं.

"वाकडी आहे," त्या म्हणाल्या.

पोराने कुऱ्हाड उचलली.

"थांब रं." त्या पुढे वाकून बराच वेळ बघत राहिल्या. "सगळ्यात जास्त पाणी तिथंच साचलं होतं. तरी जगली. राहू दे. काय काय येणारंय पुढं, आपल्याला काय माहीत?"

मग पाय आत घेतले आणि दार ओढून घेतलं. परतताना सारा रस्ता त्या काचेतून वर बघत होत्या.

टेंभमाळची म्हातारी बाभूळ आता नाही, आणि बनसोडे मॅडमही नाहीत. त्या बियांची झाडं टेंभमाळच्या माळावर आणि आपल्या चोपणात उभी आहेत, वाकडं झाडही त्यांत आहे. यंदा वैशाखात त्यांना शेंगा आल्या, आणि टेंभमाळच्या माणसांनी ते बी वेगळं काढून पेरलं आहे.

तुमची
आजी